टोकांचा उजेड

काटा सहा हजार एकशे पन्नासवर आला, किंचित थरथरला आणि तिथंच राहिला. उजेड मोजायच्या मीटरची रुपयाएवढी पांढरी चकती रूपश्रीने माशांच्या टाकीच्या डाव्या टोकाला, पाण्यापासून दोन बोटं वर धरली होती. तिने दहापर्यंत मोजलं. काटा हलला नाही. मग चकती मधोमध धरली: नऊ हजार चारशे. उजव्या टोकाला सहा हजार दोनशे. वायरवर साचलेला मिठाचा पापुद्रा नखाने काढत तिने आकडे वहीत लिहिले आणि पानं मागे उलटत पहिल्या पानावर गेली. जून एकोणीसशे पंच्याण्णव, टाकीत पाणी भरलं त्या आठवड्यातले आकडे. तेव्हा सगळेच थोडे जास्त होते, पण सारख्याच प्रमाणात. मध्यावर शंभर धरले तर डाव्या टोकाला पासष्ट. तेव्हाही पासष्ट, आजही पासष्ट. तिने भागाकार पुन्हा केला. आपलं गणित चुकलेलं असावं असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं.

कारण सकाळी कॉफी पिता पिता तिचा नवरा प्रदीपकुमार म्हणाला होता, "रूपा, टाकीची दोन्ही टोकं काळवंडत चाललीत बघ. मधे सगळं छान दिसतं, कडेला मात्र स्वल्प अंधार. नळ्या म्हाताऱ्या झाल्या आपल्या." तो नेहमीसारखा वेताच्या खुर्चीत, टाकीपासून चार फुटांवर बसला होता. सहा फूट लांब टाकी, जे. पी. नगरच्या घरातल्या पुढच्या खोलीची एक भिंतच जणू, आणि तिच्यात मंगळूरहून लॉरीने कॅन भरभरून आणलेलं समुद्राचं पाणी. पाण्यात दगड, आणि दगडांवर जिवंत पोवळी. रूपश्री म्हणाली होती, "असेल. बघते." ट्यूबलाइट जुनी झाली की तिची टोकं काळी पडतात, हे कोणीही सांगेल. तिने झाकण उचललं, सिंगापूरहून चुलत दिराने आणलेल्या निळ्या आणि त्यांच्या मधल्या पांढऱ्या अशा चारही नळ्या उतरवल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि खिडकीशी धरून पाहिल्या. टोकं काळी असावीत म्हणून ती एकेक नळी फिरवून पाहत होती. टोकं स्वच्छ होती. तरी मीटर काढलं. तिचं सारं आयुष्य दिवे मोजण्यात गेलं होतं. सरकारी प्रयोगशाळेत, आतून पांढरा रंग दिलेल्या माणसाएवढ्या पोकळ गोळ्यात एकेक दिवा टांगायचा आणि तो किती उजेड देतो ते लिहायचं. दिवा खोटं बोलत नाही, असं ती नव्याने लागलेल्यांना सांगत असे. दिव्यात दोष नसेल आणि उजेड कमी दिसत असेल तर दोष कुठे शोधायचा, हे मात्र कोणी विचारत नसे.

ही फेब्रुवारीतली गोष्ट. तेव्हाच बोलायला हवं होतं. आता सप्टेंबर संपत आला होता. रविवारी दुपारी दिव्यांच्या दुकानाचा प्राणेश टाकीसाठी मोठे दिवे घेऊन येणार होता आणि ती स्वयंपाकघरात ताटं वाढत होती. मधल्या सात महिन्यांचा हिशोब मांडायला गेलं की तिला दर वेळी नळीची थंड, गुळगुळीत काच हातात जाणवायची. कारण आकडे पाहूनही तिने त्या आठवड्यात नव्या नळ्या मागवल्या, जुन्या काढून नव्या बसवल्या आणि विचारलं, "आता?" प्रदीपकुमारने बराच वेळ पाहिलं. "हं, आता बरं आहे." दोन दिवस तो खूश होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "नाही गं. कडेला अजून अंधारच आहे. तुला नाही दिसत?" आणि ती म्हणाली, "हो, थोडा आहे खरा." हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा ते आपलं नाही असंच तिला वाटलं. ते या घरातलं वाक्य होतं. ते तिने पंचवीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन बेळगावहून चामराजपेटला आली तेव्हा ऐकलं होतं.

चामराजपेटला यांचा रंगाऱ्याचा धंदा होता. मागे भट्टी, तांब्याच्या कढया, वाफ, पुढे दुकान. विणकरांसाठी रेशमाच्या लड्या रंगवायच्या. लडी कढईतून निघाली की पिळून थेट पुढच्या उंबऱ्यावर यायची, कारण रंग दिव्याखाली बघायचा नाही, उंबऱ्यावरच्या उजेडात बघायचा, असा त्या घराचा कायदा होता. उंबऱ्यावर तिचे सासरे बसत, व्यंकोजी, सगळ्यांचे अण्णा. ते एका हातात नमुना आणि एका हातात लडी धरत आणि म्हणत, "अजून एक बुडी." किंवा नुसती मान हलवत. त्यांची मान हलली की रंग बरोबर. काळ्याच्या सात छटा त्यांना वेगळ्या सांगता येत, असं गावात म्हणत. रूपश्री आली त्या वर्षी एकदा तिने मागच्या दारातून पाहिलं. अण्णांनी "अजून एक बुडी" म्हणून लडी परत केली. ती आत घेऊन आलेल्या माणसाने रंगाच्या कढईकडे पाहिलंही नाही, शेजारच्या साध्या पाण्याच्या बादलीत लडी बुडवली, पिळली आणि पुन्हा बाहेर नेली. "आता बघा, अण्णा." अण्णांनी उजेडात धरून पाहिलं. "हं. आता बरोबर." तो माणूस प्रदीपकुमार होता. तेव्हा तेवीस वर्षांचा, कोपरापर्यंत निळा. आत येताना बायकोला दारात उभी पाहून तो थबकला, हसल्यासारखं केलं आणि बादली पायाने बाजूला सारली.

तिने संध्याकाळी सासूबाईंना विचारलं होतं. सुशीलाबाई भाकरी थापत होत्या; त्यांचा हात थांबला नाही. "त्यांना दिसतं तसं ते सांगतात. आपण हो म्हणायचं. त्यात काय जातं?" "पण आत्याबाई, डोळे दाखवायला नकोत का?" "दाखवू की. दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली, संक्रांत झाली. मग एक दिवस दोड्डबळ्ळापूरचा विणकर त्याला पाठवलेल्या लड्या परत घेऊन उंबऱ्यावर उभा राहिला आणि भर रस्त्यात, चार गिऱ्हाईकांदेखत, कानडीत म्हणाला, "यजमानरे, लग्नाचा शालू आहे. हिरवा आणि निळा कळत नसेल तर उंबऱ्यावर दुसऱ्या कुणाला तरी बसवा." अण्णांनी मुलाकडे पाहिलं. कोपरापर्यंत निळा असलेला मुलगा खाली बघत होता, आणि तेवढ्यात बादलीचं सगळं त्यांना कळलं असावं. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि मरेपर्यंत, नऊ वर्षं, पुन्हा उंबऱ्यावर आले नाहीत. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. कडेपासून आत अंधार येतो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. "गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षं आधी आला असतात तर उरलेली राखता आली असती. हा आजार पुढेही उतरतो. मुलाला वर्षातून एकदा दाखवत जा." पहिली चार-पाच वर्षं दाखवलं. काही निघालं नाही. मग अण्णा गेले, पुढे धंदा बंद झाला, जागा बदलली, आणि ते राहून गेलं.

जेवताना प्रदीपकुमार टाकीकडे तोंड करून बसे. मासे पाहत जेवायची त्याची सवय. "आज चटणी नाही का?" त्या रविवारीही तसंच बसून त्याने विचारलं. चटणी ताटात होती, डावीकडे, चटणी असायची तिथेच, लिंबाच्या फोडीशेजारी. रूपश्री काही बोलायच्या आत सुशीलाबाईंनी हात पुढे करून त्याचं ताट एवढंसं फिरवलं, इतक्या सहज, की वाटीतली आमटीसुद्धा हलली नाही. "आहे की, ही काय." त्याने चटणी घेतली. दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं नाही. ऐंशीला टेकलेल्या त्या हाताला सराव होता, हे रूपश्रीला तेव्हा उमगलं. त्या हाताने अशी किती ताटं फिरवली असतील. आणि तिला स्वतःची मोजदाद आठवली. एप्रिलपासून त्याने स्कूटर सोडली, "काय ट्रॅफिक झालंय हल्ली" म्हणून. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, तो चौकटीला शिव्या देतो. हे सगळं तिने पाहिलं होतं; वहीत फक्त लिहिलं नव्हतं. मोजायला शिकलेल्या बाईने न मोजता सोडलेल्या गोष्टी. फेब्रुवारीत त्याला किती दिसत होतं, आज किती दिसतं, आणि मधलं जे गेलं ते कुणामुळे गेलं? हा भागाकार ती करत नसे. करायला घेतला की ती उठून टाकीचं पाणी तपासायला जायची.

दिवे निवडण्याचा खेळ मात्र तिने जिवापाड खेळला होता. खेळ चालू होता तोवर बोलायचं नव्हतं. किती वॅट, कुठला निळा, केवढ्या उंचीवर. जास्त उजेड पोवळ्यांना सोसत नाही. त्यांच्या अंगात राहणारी बारीक शेवाळं त्यांना पोसतात, उजेड अती झाला की ती निघून जातात आणि मागे पांढरंफटक हाड उरतं. हे तिने त्याला समजावलं होतं, तक्ते काढून दाखवले होते, आणि तो हसला होता. "तुझं ते मीटर ठेव बाजूला. माझ्या बापाने मीटर लावून रंग नाही बघितले. डोळा पाहिजे, डोळा." प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरच्या जयतीर्थने तिला जुलैत बोलावून एक गंमत दाखवली होती. परदेशातून नमुना म्हणून आलेला, तांदळाच्या दाण्याएवढा नवा दिवा, एलईडी. बटण दाबलं तशी त्या दाण्यातून निळी सुईसारखी धार निघाली, इतकी शुद्ध की तिला एकदम कढईतल्या निळीची आठवण झाली. "मॅडम, अशा पाच हजारांनी तुमची टाकी उजळेल," जयतीर्थ म्हणाला, "तोवर मासे म्हातारे होतील." ती हसली. घरी येताना बसमध्ये बनशंकरीच्या देवळापाशी तिच्या मनात आलं की असा दिवा खरंच निघाला, समुद्राचा हुबेहूब उजेड देणारा, तरी तो टाकीवर लावायचा आहे, आणि अंधार टाकीत नाही. देवळापुढे लिंबाच्या अर्ध्या फोडींतले दिवे ओळीने लावलेले होते. ओळीची दोन्ही टोकं तिला स्पष्ट दिसत होती. तिने डोळे मिटून घेतले.

प्राणेश तीनला आला. अथणीकडचा, बनशंकरीत दिव्यांचं दुकान, बोलण्यात सीमेवरची मराठी. हातात दोन मोठे, उलट्या घमेल्यासारखे दिवे. "नमस्कार वैनी. हे बघा, शोरूमवाले लावतेत हे. खाली गाडी उभी केली की आरशागत चमकती. तुमचे मासे गॉगल मागतील बघा." प्रदीपकुमार खदखदून हसला. "मागू देत. आधी डावीकडचा टांग." छताला आकडे आधीच मारले होते. प्राणेशने साखळीने दिवा टांगला, वायर जोडली. असा दिवा एकदम लागत नाही. आधी जांभळट काजळी धरल्यासारखा झाला, मग गुलाबी, आणि तीन-चार मिनिटं गेल्यावर हळूहळू असा पांढरा पेटला की भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दुपारी उन्हात ठेवल्यासारखे उठून दिसले. खाली, डाव्या टोकाला, त्यांचं सगळ्यात जुनं पोवळं होतं. हिरवट तपकिरी, दुमडीदुमडीचं, उजेडात मांसल पाकळ्या फुगवून बसणारं. त्याचं नाव घरात शेवंती पडलं होतं. नाव प्रदीपकुमारनेच ठेवलं होतं. रंगाऱ्याचा धंदा बुडाल्यानंतरच्या वर्षी एकदा तो रामेश्वरमला जाऊन आला आणि म्हणाला, पाण्याखाली जे रंग आहेत ते आमच्या सात पिढ्यांना कढईत जमले नाहीत. मग ही टाकी आली. भट्टी गेल्यावर जो माणूस दोन वर्षं कुणाशी धड बोलला नव्हता, तो या शेवंतीशी रोज सकाळी बोलायचा.

"आता कसं, अण्णा?" प्राणेशने प्रदीपकुमारला विचारलं; तो त्यालाही अण्णाच म्हणे.

"अजून तसंच आहे की. खाली घे स्वल्प."

प्राणेशने साखळीची एक कडी सोडली. "आता?"

"अजून."

"अजून खाली? शिजतील की हो बिचारे." तो हसला, पण त्याने वळून रूपश्रीकडे पाहिलं. प्रदीपकुमार खुर्चीत ताठ बसून समोर, टाकीच्या मध्याकडे पाहत होता, हात मांड्यांवर, हनुवटी वर. अण्णा उंबऱ्यावर असेच बसत. अजून एक बुडी. आणखी एक कडी खाली आली. पाण्यावर आता वाफेसारखी धग होती. रूपश्रीला शेवंती दिसत होती. आधी तिच्या पाकळ्यांच्या कडा आत वळल्या. मग सगळं मांस हळूहळू, कुणी मूठ आवळावी तसं, आत ओढलं जाऊ लागलं आणि दुमड्यांच्या धारांवर खालचं पांढरं हाड दिसायला लागलं. तिच्या हातातलं मीटर घामाने ओलं झालं होतं. ते कधी उचललं हे तिला आठवत नव्हतं.

"प्राणेशा," दारातून सुशीलाबाईंचा आवाज आला. त्या कधीपासून तिथे उभ्या होत्या कोण जाणे. "राहू दे ते. वर गच्चीवर ये. पापडाची चादर आत घ्यायची आहे, मला वाकवत नाही. कॉफी पण वरच देते."

"पाच मिनिटांत येतो की आजी, एवढं बघून..."

"आत्ता ये."

तो स्टुलावरून उतरला. त्याला पुढे घालून सुशीलाबाई निघाल्या, आणि जाताना रूपश्रीच्या जवळ क्षणभर थांबल्या. त्यांचा आवाज इतका खाली होता की टाकीच्या पंपाच्या आवाजात तो जेमतेम कळला. "ह्यांच्या वेळी बाहेरचा माणूस समोर होता गं." मग जिन्यावर त्यांचा एकेक पाय वाजत गेला, आणि वर गच्चीचं दार लावल्याचा आवाज झाला.

खोलीत पंप आणि दिव्याची बारीक गुणगुण राहिली. प्रदीपकुमार अजून मध्याकडेच पाहत होता. "गेला का तो? बरं झालं. फार बडबडतो." मग वेगळ्याच आवाजात तो म्हणाला, "रूपा, एवढा मोठा दिवा. त्याची धग इथं माझ्या गालाला लागतेय. आणि मला कडेला अंधारच दिसतो." ती टाकीजवळ सरकली. "तुझं मीटर काय म्हणतंय?"

आजवर त्याने हे कधी विचारलं नव्हतं. त्याने विचारलं असतं "तुला काय वाटतं", तर ती कदाचित पुन्हा हो म्हणाली असती. हो तोंडात तयारच असे. पण आकडा मागितल्यावर खोटा आकडा देणं तिला येत नव्हतं. तिने हात लांब करून चकती डाव्या टोकाला धरली, दहापर्यंत मोजलं. मग मधोमध.

"डाव्या टोकाला बावीस हजार," ती म्हणाली. "मध्यावर दहा."

"म्हणजे टोकालाच जास्त?"

"दुपटीहून जास्त."

तो हलला नाही. मग त्याने सावकाश मान डावीकडे वळवली, आणि उजेड तोंडावर आपटल्यासारखे त्याचे डोळे बारीक झाले. "आहे की," तो पुटपुटला. "केवढा आहे." मान पुन्हा समोर आणली. "गेला." पुन्हा डावीकडे. पुन्हा समोर. नमुना आणि लडी आळीपाळीने पाहावी तसं त्याने हे तीनदा, चारदा केलं. नंतर त्याची नजर शेवंतीवर गेली आणि तिथेच राहिली. "ही मिटलीय, रूपा."

"हो."

"फेब्रुवारीत तू मोजलं होतंस. मी बघितलं होतं तुला वहीत लिहिताना."

"पासष्ट होता. पहिल्या दिवसाइतकाच."

"मग त्या नव्या नळ्या?"

तिला उत्तर शोधावं लागलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मागच्या दारातून पाहिलेली ती बादली तिच्यापुढे होती, पायाने बाजूला सारलेली, काठापर्यंत स्वच्छ. "साधं पाणी," ती म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती थांबली. राग आला नाही. तो आपल्या हातांकडे पाहत होता, कोपरापासून बोटांपर्यंत, जणू ते अजून निळे आहेत का हे बघत असावा. वर गच्चीवर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. रूपश्री स्टुलावर चढली, बटण दाबलं, आणि दिवा विझला. नळ्यांचा निळसर, पुरेसा उजेड टाकीत पुन्हा पसरला, दोन्ही टोकांपर्यंत. ती खाली उतरली, त्याच्या समोर, त्याला दिसेल अशी बरोबर मधोमध उभी राहिली, आणि सात महिने तोंडात धरून ठेवलेलं म्हणाली, "अहो, हे दिवे लावायचे नाहीत. टाकीला उजेड पुरेसा आहे. उद्या मी रजा घेतेय, आणि सकाळी आठला आपण दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय."